पोकलेनवर सेन्सरचा कोड आला तर आधी मीटर काढा, सेन्सर नंतर मागवा

मॉनिटरवर कोड आला, मालकानं फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकला, कुणीतरी सांगितलं ऑइल प्रेशरचा सेन्सर गेलाय, पार्ट मागवला, यायला दोन-तीन दिवस, तोपर्यंत मशीन उभं, डंपर उभे, ऑपरेटरचा पगार चालू, आणि सेन्सर बसवून चावी फिरवली तर कोड जिथल्या तिथं. आपल्याकडं हे लय वेळा होतंय, कागलच्या एमआयडीसीत असू दे नाहीतर गगनबावड्याकडच्या रस्त्याच्या कामावर. मग सेन्सर डुप्लिकेट दिला म्हणून दुकानदाराशी भांडण. सेन्सर बहुतेक वेळा बरोबर असतोय, घोळ असतोय वायरीत, कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये), अर्थिंगमध्ये, नाहीतर खरंच इंजिनात.

कोड म्हणजे गल्लीचा पत्ता, घर आपल्याला हुडकायला लागतंय. त्यासाठी प्रत्येक वेळी कंपनीचा लॅपटॉपच पाहिजे असं नाही. एक बऱ्यापैकी डिजिटल मल्टिमीटर, कपलरच्या मागून घालायला बारीक पिना, कॉन्टॅक्ट क्लीनर, मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज आणि त्याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम, एवढ्यावर बरंच काम होतंय. डायग्राम मात्र त्याच सिरीजचा पाहिजे, मशीन तेच दिसत असलं तरी सिरीज बदलली की ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, पिन नंबर बदलतोय.

हात घालायच्या आधी बकेट जमिनीला टेकवा, सेफ्टी लिव्हर लॉक करा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. ऑपरेटर चहाला गेलाय म्हणून चावी तशीच ठेवू नका, तो परत येऊन सेल्फ मारतोय. आणि कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच हाय प्रेशरच्या रेलमधनं डिझेल देणारं) असेल तर चालू इंजिनावर हाय प्रेशरच्या पाइपचा नट कधीच ढिला करायचा नाही, आत हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतंय, डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत जाते. जुन्या पंपाच्या इंजिनाला नट ढिला करून कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायची सवय आहे बऱ्याच जणांना, ती इथं चालत नाही.

दुसरा आकडा आधी वाचा

आता बहुतेक इंजिनांत कोड दोन भागांत येतोय, एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो कुठलं सर्किट, दुसरा सांगतो काय झालंय. सगळे पहिल्या आकड्याकडं बघतात, खरी माहिती दुसऱ्यात असते. पहिल्यातले नेहमीचे नंबर असे: १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, ११० कूलंट टेंपरेचर, १०२ बूस्ट प्रेशर (टर्बोनं दाबलेल्या हवेचं), १०५ इनटेक हवेचं टेंपरेचर, १५७ रेल प्रेशर, ९७ डिझेलमध्ये पाणी, १६८ बॅटरी व्होल्टेज, ६३६ क्रँक सेन्सर, ७२३ कॅम सेन्सर.

दुसऱ्या आकड्यात ३ आला तर सिग्नलचं व्होल्टेज पाहिजे त्यापेक्षा वर, ४ आला तर खाली, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त. २ आला तर सिग्नल येतोय पण त्याचा काही मेळ नाही, ८ म्हणजे स्पीड सेन्सरसारख्यांची फ्रिक्वेन्सी चुकतीय, ९ किंवा १९ दिसला तर दुसऱ्या कंट्रोलरकडून येणारा डेटा अडकलाय किंवा खराब येतोय. हे सगळे विजेचे आजार. पण ०, १, १५, १६, १७, १८ यांतला कुठला आला तर गोष्ट वेगळी, तिथं सेन्सर बरोबर आहे आणि तो खरं सांगतोय की प्रेशर किंवा टेंपरेचर खरंच वर गेलंय नाहीतर खाली गेलंय. १०० आणि ४ आला तर वायर बघा, १०० आणि १ आला तर इंजिन त्या सेकंदाला बंद करा. एवढ्या एका फरकानं बेअरिंग वाचतंय.

कोमात्सूला सीए पुढं नंबर येतो आणि तो कमिन्सच्या जुन्या फॉल्ट नंबरांशी जुळतोय, सीए १४४ म्हणजे कूलंट सेन्सर हाय, १४५ लो, १३५ ऑइल प्रेशर सेन्सर हाय, १४१ लो, ४५१ आणि ४५२ रेल प्रेशर सेन्सर हाय आणि लो. इथं हाय-लो म्हणजे व्होल्टेज, टेंपरेचर नव्हे. कूलंट सेन्सर हाय वाचून रेडिएटर धुवायला घेणारे भेटतात. उलट आहे तिथं, कपलर निघाला तर व्होल्टेज हाय होतंय आणि ईसीएमला वाटतंय पाणी बर्फापेक्षा गार झालंय.

कोड लगेच क्लिअर करू नका. आधी बघायचं ॲक्टिव्ह आहे का नुसता हिस्टरीत पडलाय, किती वेळा आलाय, पहिल्यांदा किती तासांवर आणि शेवटचा किती तासांवर. कोमात्सूच्या पीसी २०० च्या ८ सिरीजला मॉनिटरवर ४ चं बटण दाबून धरून १, २, ३ ओळीनं दाबलं की सर्व्हिस मेनू उघडतो, तिथं सगळी हिस्टरी दिसते. बाकी मॉडेलला वेगळी पद्धत, ती मॅन्युअलमध्ये बघा. फोटो काढून ठेवा. शेवटचा कोड आठशे तासांपूर्वीचा असेल आणि आज मशीन ओढत नसेल तर त्या दोघांचा काही संबंध नाही, उगाच त्याच्या मागं लागू नका.

बॅटरी आणि अर्थिंग बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही

एकाच वेळी चार-पाच वेगवेगळे कोड आले की निम्मी माणसं ईसीएम गेला म्हणून मोकळी होतात. ईसीएम एवढ्या सहजासहजी जात नाही. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, चोवीस व्होल्टची सिस्टम, इंजिन बंद असताना २५ च्या आसपास पाहिजे, इंजिन चालू असताना साधारण २७ ते २८.५. सेल्फ मारताना १८ च्या खाली जात असेल तर ईसीएम मधेच दम टाकतोय आणि वाट्टेल ते कोड पाडतोय. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एक नवी एक जुनी घातलेली असते बऱ्याच मशीनला, ती जोडी कधी जमत नाही.

अर्थिंग बघायची सोपी पद्धत. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन इंजिन ब्लॉकवर स्वच्छ जागी, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. एक-दीड व्होल्ट दाखवत असेल तर अर्थिंगची पट्टी सोडा, खालचा रंग आणि गंज घासून काढा, परत आवळा. बंद मशीनवर कंटिन्युटी (वायर सलग आहे का ते मीटरच्या बीपनं बघणं) घेऊन काय कळत नाही, केबलीतल्या चार तारा शिल्लक असल्या तरी मीटर बीप देतोय.

सकाळी गार इंजिनावर बघायची एक युक्ती

ही युक्ती मला सगळ्यात आवडते कारण हिला काहीच खर्च नाही. रात्रभर मशीन उभं आहे, सकाळी सेल्फ मारायच्या आधी नुसती चावी ऑन करा आणि मॉनिटरिंगच्या पानावर सगळी टेंपरेचर बघा, कूलंट, इनटेक हवा, डिझेल, ऑइल, जे जे दिसतंय ते. रात्रभर उभ्या इंजिनात सगळी जवळजवळ सारखी पाहिजेत, बाहेरच्या हवेएवढी. तिघं २४ दाखवतायत आणि एकटा ४१ म्हणतोय, मग तो एकटा खोटं बोलतोय, कोड असो वा नसो.

प्रेशरचंही तसंच. इंजिन बंद असताना ऑइल प्रेशर शून्य पाहिजे, रेल प्रेशर शून्याजवळ पाहिजे, आणि बूस्ट सेन्सर ॲब्सोल्यूट प्रकारचा असेल तर त्यानं बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवायला पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथं ९५ किलोपास्कलच्या आसपास. बॅरोमेट्रिक सेन्सर वेगळा असेल तर त्याचं आणि बूस्टचं रीडिंग जुळलं पाहिजे. तेच मशीन ट्रेलरवर घालून करूळ घाट उतरून वैभववाडीला नेलं तर दोन्ही रीडिंग शंभराकडं जातील, ते बरोबरच आहे, घाबरायचं नाही. एकच गेलं आणि दुसरं जागेवरच राहिलं तर मात्र पकडा.

वायर, कपलर, आणि मग सेन्सर

टेंपरेचरचा सेन्सर बहुतेक दोन वायरींचा असतो, आत थर्मिस्टर, गरम झाला की रेझिस्टन्स कमी होतो. गार असताना, वीस-पंचवीस डिग्रीला, बऱ्याच सेन्सरांचं दोन-अडीच किलोओहम येतं, उकळत्या पाण्याजवळ दोनशे-तीनशे ओहमवर उतरतं, कंपनीप्रमाणं आकडा बदलतो पण उतार असाच. सेन्सर काढून गरम पाण्याच्या भांड्यात धरला आणि मीटर लावला की कळतंय.

त्याच्याही आधी हे करा. दुसऱ्या आकड्यात ४ असलेला कोड ॲक्टिव्ह आहे, चावी बंद करून कपलर काढा, परत चावी ऑन करा. कोड ४ चा ३ झाला तर वायर आणि ईसीएम चांगले आहेत, शॉर्ट सेन्सरच्या आत आहे. ४ तसाच राहिला तर वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय. उलट ३ चा कोड असेल तर कपलर काढून वायरींच्या बाजूच्या दोन पिना एका बारीक जंपरनं, म्हणजे वायरीच्या तुकड्यानं, जोडा, कोड ४ वर गेला तर वायर चांगली आणि सेन्सर आतून तुटलाय, ३ च राहिला तर वायर मधे तुटलीय किंवा पिन मागं सरकलीय. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त हे दोन वायरींच्या टेंपरेचर सेन्सरलाच, तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरला असं जंपर मारत बसू नका.

प्रेशर सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्टची सप्लाय, रिटर्न आणि सिग्नल. कपलर काढा, चावी ऑन, सप्लाय आणि रिटर्नमध्ये ५ व्होल्ट मिळालं पाहिजे, पाव व्होल्ट इकडंतिकडं चालतंय. मिळालं तर कपलर परत लावून मागून पिन घालून सिग्नल मोजा. साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये तो खेळतो, ऑइल प्रेशरचा सेन्सर इंजिन बंद असताना अर्ध्या व्होल्टजवळ आणि इंजिन चालू झालं की वर चढलेला. वायरीच्या प्लॅस्टिकमध्ये सुई टोचून मोजू नका, ते भोक दिसत नाही पण पावसाळ्यात तिथनं पाणी आत जातंय आणि वायर आतल्या आत हिरवी होऊन कुजते.

५ व्होल्ट मिळालंच नाही तर? मग खरी मजा. ही सप्लाय बऱ्याच वेळा दोन-तीन सेन्सरांत मिळून एकच असते, एकानं शॉर्ट केलं की सगळे आंधळे. शाहूवाडीकडं एका कामावर ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा) लावलेलं मशीन होतं, ऑइल प्रेशर, बूस्ट आणि रेल प्रेशर तिन्हींना एकदम ४ चा कोड, पॉवर डाउन, मालकाकडं तिन्ही सेन्सरांची यादी तयार. तीन सेन्सर एकाच मिनिटाला कसे मरतील ओ? ऑइल प्रेशरच्या कपलरवर सप्लाय मोजली तर ०.३ व्होल्ट. मग मीटर तिथंच लावून ठेवला आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो, त्यात कुठला एक काढल्यावर मीटरनं ५ वर उडी मारली असती तर तो सेन्सर आतून शॉर्ट. तिन्ही काढले, मीटर ०.३ वरच. म्हणजे सेन्सर सुटले, वायर अडकली. चावी बंद करून ईसीएमचा कपलर काढला, सप्लायच्या वायरीपासून बॉडीला कंटिन्युटी घेतली, बीप आला. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातानं चाचपत इंजिनाच्या मागच्या ब्रॅकेटपर्यंत गेलो, तिथल्या क्लिपचं रबर निघून गेलेलं, नुसता पत्रा राहिलेला आणि ब्रेकरच्या हादऱ्यानं त्यानं वायर कापत आणलेली, तांबं चकचकीत दिसत होतं. सोल्डर, हीट श्रिंक, वर स्लीव्ह, नवीन रबराची क्लिप. तिन्ही सेन्सर जुनेच ठेवले.

ब्रेकरवर चालणाऱ्या मशीनला ही जागा पहिली बघायची. उसाच्या पट्ट्यात शेततळी आणि लेव्हलिंगच्या कामावर मशीन महिनाभर बांधावर उभं राहतंय, तिथं दुसरा गुन्हेगार उंदीर. आणि घाटाकडं पाऊस, गगनबावड्याला मशीन चार महिने भिजतंय. कपलर उघडून नीट उजेडात बघा, हिरवा थर, वाकलेली पिन, मागं सरकलेली पिन, फाटलेलं रबर सील. क्लीनर मारा, वाळू द्या, सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, पिनांत बोळा भरायचा नाही. मग इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवून बघा आणि त्या वेळी दुसऱ्यानं मॉनिटरवर रीडिंग बघायचं. वायर हलवली आणि आकडा उडाला की जागा सापडली. कधी येणारा कधी जाणारा कोड असाच सापडतोय, नुसतं बघून सापडत नाही.

पंचगंगेच्या पुरात, २०१९ ला आणि परत २०२१ ला, शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं, तशा पाण्यात बुडालेलं मशीन असेल तर चावीच लावू नका. आधी बॅटरी सोडा, ईसीएमचे मोठे कपलर उघडा, धुवा, पूर्ण वाळवा, तेलं बघा. पाणी असताना करंट दिला की पिना काही तासांत खाऊन जातात.

स्पीड सेन्सर दोन प्रकारचे. दोन वायरींचा मॅग्नेटिक असेल तर त्याची कॉइल ओहममध्ये मोजता येते. तीन वायरींचा हॉल इफेक्टचा असेल तर त्याला ओहम लावून काही कळत नाही, सप्लाय आणि सिग्नलच बघायचा. दोन्हींचं टोक काढून बघा, लोखंडाचा भुसा चिकटलेला असतोय, पुसून परत बसवला की मशीन सुरू. भुसा जास्त असेल तर तो कुठनं आला ते मात्र बघा, ते काम सेन्सरपेक्षा मोठं आहे.

बरेच कंट्रोलर एकदम गप्प झाले, मॉनिटरवर काहीच डेटा येत नाही, तर कॅन लाइन, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी, बघायची. बॅटरी सोडून नऊ पिनांच्या गोल डायग्नोस्टिक कपलरवर सी आणि डी पिनांत रेझिस्टन्स मोजा. ६० ओहम आलं तर ठीक, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात, ४० आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय, बहुतेक जीपीएस बसवणाऱ्यानं.

सेन्सर खरं सांगतोय तेव्हा

ऑइल प्रेशर कमीचा कोड १, १७ किंवा १८ सह आला तर सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. गेजही कमी दाखवत असेल तर तिथं वायरिंगचं काम संपलं, ऑइल लेव्हल, ग्रेड, फिल्टर, पंप, बेअरिंग. ऑइलमध्ये डिझेल उतरलंय का तेही काडीवर वास घेऊन बघा.

टेंपरेचर खरंच वर जात असेल तर थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या आधी रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्या मधली फट बघा. तोडणीच्या हंगामात पाचट उडून तिथं बसते, वर क्रशरची धूळ, दोन्ही मिळून लिंपण तयार होतंय. बाहेरनं जाळी स्वच्छ दिसते आणि आत हवा जात नाही. हवा मारताना आतल्या बाजूनं बाहेर मारा, आणि पाण्याचा जेट जवळून मारू नका, पाती वाकतात.

१५७ ला १८ आला, लोडवर मशीन ओढत नाही, तर रेल सेन्सर शेवटचा. पहिल्यांदा वॉटर सेपरेटर उघडा, फिल्टर बदला, टाकीतली जाळी बघा, सक्शनच्या पाइपला कुठं हवा ओढतीय का बघा. साइटवर बॅरलमधनं कॅननं डिझेल भरतात, त्यात पाणीही येतं आणि मातीही. मग इंजेक्टरचं रिटर्न मोजा, एकाचं रिटर्न बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त असेल तर तो काढून उद्यमनगरात टेस्ट बेंचवर न्या, अंदाजानं सहाच्या सहा बदलू नका.

नव्या मशीनला एक्झॉस्टच्या बाजूला एनओएक्स (धुरातला वायू मोजणारा), डीपीएफ (काजळीच्या फिल्टरचा) वगैरे सेन्सर असतात, त्यांचं रीजनरेशन आणि कॅलिब्रेशन बरंचसं सॉफ्टवेअरवर, तिथं कंपनीचा माणूस बोलवा, जुगाड करायला जाऊ नका.

बकेटचे दात साइटवर वेल्डिंग करताना एक पाळा. बॅटरीच्या दोन्ही केबली सोडा, ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप दातांच्या शेजारी लावा, ट्रॅकला लावू नका. नाहीतर करंट बेअरिंगमधनं आणि कंट्रोलरमधनं वाट काढतोय, आणि कोड दुसऱ्या दिवशी येतोय म्हणून कुणाला वेल्डिंग आठवत नाही. आणि मशीन धुताना प्रेशर वॉशरची धार कपलरवर आणि अल्टरनेटरवर धरायची नाही, हे ऑपरेटरला सांगून भागत नाही, धुणाऱ्या पोराला सांगायला लागतंय.

काम झालं की कोड क्लिअर करा, मशीनच्या अवरमीटरचे तास लिहून ठेवा आणि मशीनला खरा लोड द्या. नुसतं रिकामं इंजिन रेस करून कळत नाही, इंजिन गरम होऊ दे, बकेट भरून फिरवू दे, ब्रेकर असेल तर ब्रेकर चालवा, कारण हादरा बसल्याशिवाय ढिली पिन सुटत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं परत हिस्टरीचं पान उघडा. तोच कोड परत पडला नसेल तर बिल करा, पडला असेल तर बॉनेट परत उघडा.